चार बोटांची फट : स्नोमोबाइलसाठी बिब घ्यावी की पँट?

दुकानात आरशासमोर उभं राहून घातलेले कपडे नेहमीच नीट बसतात. जॅकेट कमरेखाली येतं, पँट कमरेवर राहते, दोन्ही एकमेकांवर छान चढतात. खरी गोष्ट कळते ती स्नोमोबाइलवर बसल्यावर. गुडघे वाकतात, हात हँडलकडे जातात, खांदे पुढे ओढले जातात आणि त्यांच्याबरोबर जॅकेट वर सरकतं. पँट मात्र मागून खाली उतरते. माकडहाडाच्या वर चार बोटांची फट पडते. मिनेसोटातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी साधी पँट आणि आखूड जॅकेट घालून उत्तरेच्या ट्रेलवर गेले होते. सकाळी निघताना ही फट जाणवलीही नाही. दुपारपर्यंत कंबर इतकी आखडली की गाडीवरून उतरताना आधार घ्यावा लागला. हातमोजे, बूट, हेल्मेट यांवर मी पुष्कळ विचार केला होता. पँट काय, कुठलीही चालेल, असं धरून चालले होते.

म्हणून हा लेख. उत्तर अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांत हल्ली फेब्रुवारीतल्या एखाद्या लांब शनिवार-रविवारी मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगनचा उत्तर भाग, ऑन्टारिओ किंवा क्यूबेक इथे स्नोमोबाइलची सहल ठरते. भारतातून आलेले भाऊ-वहिनी, मित्रही सोबत असतात. त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो : खाली काय घालायचं?

बिब म्हणजे ओळखीच्या भाषेत डंगरी. पुढून छातीपर्यंत आणि मागून पाठीच्या मध्यापर्यंत चढणारी, खांद्यावर गॅलिसच्या पट्ट्यांनी पेललेली जाड, पाणी न शिरणारी विजार. पँट कमरेपर्यंतच येते आणि इलॅस्टिक, पट्टा किंवा बाजूच्या चिकटपट्ट्यांनी घट्ट करता येते. कापड, अस्तर, गुडघ्याचे पॅड, घोट्याजवळचा आतला कफ दोन्हींत सारखाच असू शकतो. फरक कमरेच्या वरच्या वीतभर कापडाचा, आणि त्या वीतभर कापडामुळे दिवस बदलतो.

हा प्रश्न मुळात आला कुठून, हे थोडं सांगते. क्यूबेकमधल्या वालकूर गावचे मेकॅनिक जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा लहान मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात वारला. रस्ते बर्फाने बंद होते आणि त्याला इस्पितळात नेता आलं नाही. बर्फावरून चालणारी गाडी बनवण्याचा ध्यास त्यांना आधीपासूनच होता. १९३७ च्या सुमारास त्यांनी विकायला काढलेली बी-७ ही गाडी सात जणांची, बंदिस्त होती. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं आत बसून जायची, त्यामुळे अंगावरचा रोजचा कोट पुरत असे. १९५९ मध्ये त्यांच्याच कारखान्यातून स्की-डू आली, लहान, हलकी आणि उघडी. माणूस खोलीतून बाहेर येऊन वाऱ्यात बसला. तेव्हापासून भिंत आणि छप्पर यांचं काम कपड्यांकडे आलं.

वारा म्हणजे किती वारा? हवा उणे १५ अंश सेल्सियस असेल आणि ताशी ५० किलोमीटरचा वारा तोंडावर येत असेल, तर कॅनडात वापरल्या जाणाऱ्या विंड चिल सूत्राप्रमाणे ती थंडी उणे २९ सारखी लागते. उणे २० आणि ताशी ६० असेल, तर उणे ३६. उणे २८ च्या खाली उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. हे आकडे उघड्या चेहऱ्यासाठी काढलेले आहेत, कपड्यांतल्या पायांना ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पाठीवरची ती फट चेहऱ्याइतकीच उघडी असते. पाठीमागे वारा कुठून येणार, असं वाटतं खरं. गाडी पुढे जाते तेव्हा स्वाराच्या मागे हवेचे भोवरे होतात आणि गाडीच्या खालच्या फिरत्या पट्ट्याने उडवलेला बर्फाचा भुगा त्या भोवऱ्यांतून उलटा फिरून पाठीवरच येतो. तो फटीतून आत शिरतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि पँटच्या नेफ्यात पाणी होऊन बसतो. ओल्या कमरेने पुढचे तास काढणं मग फार कठीण जातं.

बिबमध्ये हे होत नाही, कारण जॅकेट कितीही वर सरकलं तरी खाली कापडच असतं. पडल्यावरही तेच. नवशिक्या माणसाची गाडी वळणावर कलंडतेच. तो भुसभुशीत बर्फात कमरेपर्यंत रुततो आणि पँट असेल तर बर्फ थेट आत जातो. आणखी एक फायदा दुकानात कळत नाही, चार तासांनी कळतो. बिबचं वजन खांदे पेलतात. पँट घसरू नये म्हणून कमरेवर घट्ट आवळावी लागते आणि बसलेल्या माणसाच्या पोटात तो पट्टा रुततो. जेवून पुन्हा निघाल्यावर तर जास्तच. ज्यांना पित्ताचा किंवा पाठीचा त्रास आहे त्यांनी याचा जरूर विचार करावा.

तेव्हा माझं मत सरळ आहे : दिवसभर स्वतः गाडी चालवणार असाल तर बिब घ्या. मात्र कुठली बिब घ्यायची, यात लोक फसतात, आणि फसतात ते उबेच्या मोहाने.

बिब दोन प्रकारच्या मिळतात. एक आतून भरीव अस्तराची, दुसरी नुसत्या कवचासारखी, म्हणजे पाणी आणि वारा अडवणारी पण स्वतःची ऊब नसलेली. अस्तराची जाडी दर चौरस मीटरला किती ग्रॅम यात सांगतात : ६०, १००, १५०, कधी २००. पहिल्यांदा घेणारा माणूस सर्वांत जाड उचलतो. मिनेसोटा किंवा विस्कॉन्सिनच्या सपाट, दाबून गुळगुळीत केलेल्या ट्रेलवर बसून जायचं असेल तर जाड अस्तर योग्यच. तिथे शरीराला मेहनत कमी आणि वारा सतत. मिनेसोटात असे २२ हजार मैलांहून जास्त ट्रेल आहेत. एका हॉटेलातून निघून दुसऱ्यात मुक्काम करायचा आणि सगळा दिवस बसूनच जायचं, अशी सहल तिथे सहज होते.

आयडाहो, मोन्टाना, वायोमिंग किंवा ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगरांत मात्र सगळं उलटं आहे. तिथे लोक ट्रेल सोडून खोल बर्फात शिरतात. गाडी उभ्याने चालवायची, अंगाचा भार या बाजूचा त्या बाजूला टाकून वळवायची आणि रुतली की फावड्याने खणून काढायची. दहा मिनिटांत घाम फुटतो. जाड अस्तरात तो घाम मुरतो, आणि थांबल्यावर तोच गार पडून अंगात हुडहुडी भरते. अशा ठिकाणी कवचाची बिब आणि आत कमी-जास्त करता येणारे थर हवेत. मांडीच्या बाजूने वारा घेणाऱ्या लांब चेन हव्यात, आणि त्या जाळीच्या नसतील तर बर्फ आत येतो हेही पाहायला हवं. म्हणजे डोंगरात चालवणाऱ्याला बिब वरून बर्फ येऊ नये म्हणून लागते आणि ट्रेलवरच्याला वारा येऊ नये म्हणून. शिवण सारखी दिसली तरी ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या वर्षी कुठला प्रकार आवडेल हे ठरलेलं नसेल, तर मी कवचाची बिब सुचवेन. तिच्यात लोकरीची पँट वाढवता येते, जाड बिबमधलं अस्तर मात्र काढता येत नाही.

कापडावरचे आकडे कसे वाचायचे, हे दुकानात कुणी नीट समजावत नाही. ‘१०,००० मिमी’ याचा अर्थ, त्या कापडावर दहा मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तर तिथवर ते पाणी आत येऊ देत नाही. दहा मीटर हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. आता हिशोब करा. सत्तर किलोचा माणूस रुतलेली गाडी सोडवायला दोन्ही गुडघ्यांवर बसला. प्रत्येक गुडघा साधारण ५० चौरस सेंटीमीटर जागेवर टेकला असं धरलं, तर १०० चौरस सेंटीमीटरवर ७० किलो, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ७०० ग्रॅम. हा दाब सात मीटर पाण्याच्या खांबाइतका झाला. गुडघ्याखाली फांदी किंवा गाडीच्या पायफळीची कड आली तर याहून पुष्कळ जास्त. म्हणजे ५,००० मिमीच्या पँटमधून गुडघ्याला पाणी लागणारच, १०,००० मिमीची कशीबशी तग धरेल आणि २०,००० मिमीची असेल तर काळजी नाही. ओल्या सीटवर तासन्‌तास बसतो तिथेही हाच नियम. म्हणून किमतीत काटकसर करायची तर खिशांची संख्या, रंग, नाव यांत करा. बैठकीच्या आणि गुडघ्याच्या कापडात करू नका. शिवणींवरून आतून पट्टी चिकटवलेली आहे ना, हेही कपडा उलटा करून पाहा. चांगल्या कापडाला सुईने पाडलेली भोकं उघडी राहिली तर आकड्याला अर्थ उरत नाही.

आता तो प्रश्न, जो बायका दबक्या आवाजात विचारतात आणि पुरुष विचारतच नाहीत. लघवीला जायचं कसं?

बिबविरुद्धची ही सर्वांत खरी तक्रार आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. साधी बिब उतरवायची तर आधी जॅकेट काढावं लागतं, मग पट्टे, मग बाकीचं. ट्रेलवरच्या लाकडी संडासात, उणे वीस अंशांत, जॅकेट टांगायला खिळाही नसताना हे करावं लागतं, आणि खाली सुटलेले पट्टे ओल्या जमिनीवर लोळतात. याच भीतीने कित्येक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असं करू नका. थंड हवा कोरडी असते, श्वासावाटे पाणी जात राहतं, आणि शरीरात पाणी कमी पडलं की थकवा आणि थंडी दोन्ही वाढतात.

उपाय आहे. बायकांसाठीच्या चांगल्या बिबमध्ये मागची बैठक चेनने उघडते. काहींची चेन दोन्ही बाजूंनी कमरेपासून मांडीपर्यंत जाते, काहींची मागून कमानीसारखी फिरते. पट्टे खांद्यावरच राहतात आणि जॅकेटही काढावं लागत नाही. पण घेण्यापूर्वी ती चेन दुकानातच, जॅकेट घालून, पातळ हातमोजे चढवून, मागे न बघता उघडून-लावून पाहा. हात मागे पोचत नसेल तर ती सोय तुमच्यासाठी नाही. आणि आतलं थर्मल दोन तुकड्यांचं हवं. एकसंध थर्मल घातलं तर मागची चेन असून नसल्यासारखी. पुरुषांनी पुढची चेन खालूनही उघडते का, एवढं पाहिलं तरी पुरे.

हे सगळं जमत नसेल, खांदा आखडलेला असेल, गुडघेदुखीमुळे बसणं-उठणं कठीण असेल किंवा वारंवार जावं लागत असेल, तर पँटच घ्या आणि मनात किंतु ठेवू नका. वयस्कर आई-वडिलांसाठी मी नेहमी पँटच सुचवते. फक्त मग जॅकेटची निवड बदला. ते मागून लांब असावं, आत बर्फ अडवणारा इलॅस्टिकचा घेर असावा आणि तो घेर पँटच्या कमरेला बटणांनी किंवा चेनने जोडता यावा. एकाच कंपनीचं जॅकेट आणि पँट घेतल्यास अशी जोडणी बहुधा मिळते. पाठीवरची फट या मार्गानेही बंद होते. म्हणजे पँट वाईट नाही, एकटी पँट वाईट. घरी स्कीइंगची पँट असेल आणि एकाच दिवसाचा प्रश्न असेल तर तीही चालते. मात्र तिच्या बैठकीला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला स्नोमोबाइलच्या पँटइतकं जाड कापड नसतं, त्यामुळे पायफळीवर घासून ती लवकर फाटते.

लहान मुलांना याउलट बिबच द्या. मुलं गाडीवर मागे बसतात तेवढीच बर्फात लोळतात. पट्टे वाढवता येणारी बिब दोन हिवाळे चालते.

एकदाच जाणाऱ्यांनी काहीच विकत घेऊ नये, असं माझं मत आहे. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान पाहायला हिवाळ्यात जाणारे आपले लोक वाढले आहेत. तिथे डिसेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत वाटाड्याबरोबर स्नोमोबाइलच्या सहली निघतात. वेस्ट यलोस्टोन गावातून ओल्ड फेथफुल गरम पाण्याच्या कारंज्यापर्यंत जाताना ३० मैल आणि परतताना ३० मैल असं अंतर पडतं, वेग ताशी ३५ मैलांच्या आत. गावात कपडे, बूट, हेल्मेट सगळं भाड्याने मिळतं आणि रोज तेच काम करणारी माणसं मापही बरोबर काढून देतात. चांगली बिब दोन-अडीचशे डॉलरपासून सात-आठशेपर्यंत जाते. एका दिवसासाठी तो खर्च करू नये.

गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलांगला जाणाऱ्यांचं गणित आणखी वेगळं. तिथली स्नोमोबाइलची फेरी थोड्या वेळाची असते आणि गाडी बहुधा स्थानिक चालक चालवतो, तुम्ही मागे बसता. टंगमर्गला किंवा मनालीच्या वाटेवर भाड्याने मिळणारा एकसंध सूट आणि गमबूट तेवढ्यापुरते पुरतात. सूट घेताना बैठकीची शिवण उसवलेली नाही ना आणि आतून ओला नाही ना, हे हात घालून पाहा. आत जीन्स मात्र नको. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही आणि अंगाची ऊब शोषत राहतं. पुण्या-मुंबईहून नेलेली साधी सिंथेटिक ट्रॅक पँट जीन्सपेक्षा कितीतरी बरी. हाच नियम अमेरिकेतल्या महागड्या बिबच्या आतही लागू आहे. सातशे डॉलरच्या बिबखाली सुती थर्मल घातलं तर त्या बिबने घाम बाहेर टाकण्याचं काम करायचं कसं? कातडीला लागून मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक थर्मल हवं, त्यावर गरज असेल तर फ्लीसची पँट आणि त्यावर बिब.

माप घेण्याची रीत एकच, आणि ती आपल्या लोकांना सहज जमते : उकिडवं बसा. आत घालायचे सगळे थर घालून, बूट चढवून, दुकानाच्या जमिनीवर उकिडवं बसा आणि हात समोर लांब करा. पट्टे खांद्यावर रुतले तर बिब आखूड आहे. गुडघ्याचे पॅड गुडघ्यावरून मांडीकडे सरकले तर पायाची लांबी चुकली आहे. पायाची कड बुटाच्या वर चढून नडगी दिसली तर एक माप मोठं घ्या. उभ्याने बघाल तर कड जमिनीला टेकेल असं वाटेल, त्याकडे लक्ष देऊ नका, गाडीवर तुम्ही उभे असण्यापेक्षा बसलेलेच जास्त असाल. मग उठून एक पाय खुर्चीवर टाकून पाहा, मांडीत कापड ओढलं जाता कामा नये. पट्ट्यांची बकलं हातमोजे घालून उघडता येतात का, हेही तिथेच तपासा.

छातीवरचा खिसा हा बिबचा आणखी एक लाभ. बाहेरच्या खिशात फोनची बॅटरी थंडीने झपाट्याने उतरते, बिबच्या आतल्या खिशात अंगाच्या उबेने टिकते. डोंगरात हिमस्खलनाचा धोका असलेल्या भागात जाणाऱ्यांसाठी तर हा खिसा फार महत्त्वाचा. गाडलेल्या माणसाला शोधणारं ट्रान्सीव्हर स्वतःच्या पट्ट्याने अंगाला बांधावं किंवा बिबच्या चेनच्या खिशात ठेवावं, जॅकेटमध्ये कधीच ठेवू नये. घाम आला की जॅकेट काढून गाडीवर टाकलं जातं, बिब अंगावरच राहते. फोन मात्र त्याच खिशात नको. ट्रान्सीव्हर आणि फोन यांत संदेश पाठवताना निदान २० सेंटीमीटर आणि शोधताना ५० सेंटीमीटर अंतर हवं.

गोठलेल्या तळ्यांवरून जाणाऱ्यांसाठी पाण्यात तरंगायला मदत करणाऱ्या अस्तराच्या बिबही मिळतात. मिनेसोटाच्या नैसर्गिक संपदा विभागाचा सल्ला असा की स्नोमोबाइल नेण्यापूर्वी नव्या, पारदर्शक बर्फाची जाडी ६ ते ७ इंच तरी असावी. पांढरट, हवा मिसळलेल्या बर्फाची याहून जास्त. ती बिब लाइफ जॅकेटची जागा घेत नाही आणि पातळ बर्फावर जायची परवानगी तर मुळीच देत नाही. तळ्याकाठी राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारल्याशिवाय मी बर्फावर गाडी घालत नाही.

घरी आल्यावर बिब टांगून वाळवा, हीटरवर टाकू नका. धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य वापरू नका, त्याने पाणी झटकण्याचा गुण जातो. पाण्याचे थेंब ओघळण्याऐवजी कापडात मुरू लागले, तर लेबलवर परवानगी असल्यास मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवा, तो गुण बराचसा परततो.

निघायच्या सकाळी क्रम असा ठेवा. आधी थर्मल, मग मोजे, थर्मलची कड मोज्याच्या आत नको, वर राहू द्या, म्हणजे पोटरीवर वळ पडत नाही. मग बिब, मग बूट. बिबचा आतला कफ बुटावर ओढून त्याचा हूक बुटाच्या नाडीत अडकवा. मग स्वच्छतागृहात जाऊन या, ही सर्वांत सोपी वेळ असते. त्यानंतर जॅकेट, आणि गाडीवर बसल्यावर इंजिन बंद करणारी दोरी बिबच्या कडीत अडकवा. एकदा पुढे वाकून मागे हात फिरवा, आणि पाठीवर उघडी जागा लागली नाही की गाडी सुरू करा.